सहादू साऊंडसाठी मिक्सर

"याला फोनो आहे का?" एवढा एकच प्रश्न मी विचारत होते, आणि दुकानदार माझ्या मागे बघत होता, बरोबर कुणी पुरुष माणूस आलाय का ते शोधत. माणूस होता, माझे वडील, आप्पा. पण ते दुकानाच्या पार टोकाला एका मोठ्या स्पीकरवर तळहात टेकवून उभे होते आणि आमच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"ताई, याला ब्लूटूथ आहे," दुकानदार म्हणाला.

"ब्लूटूथ नको हो. फोनो."

"यूएसबी पण आहे. पेन ड्राइव्ह लावा, हजार गाणी वाजवा."

"आम्हाला रेकॉर्ड वाजवायच्यात. काळ्या, गोल. दोन प्लेअर आहेत आमच्याकडे, ते याला जोडता येतील का?"

"मग त्या रेकॉर्ड पेन ड्राइव्हमध्ये भरून आणा ना," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

माझं डोकंच फिरलं. मी पिंपळगावला कोल्ड स्टोरेजमध्ये द्राक्षांची प्रतवारी बघते. हंगामाचे शेवटचे दिवस, माल तुंबलेला, मॅनेजरच्या विनवण्या करून अर्धी रजा काढलेली, आणि हा बाबा मला पेन ड्राइव्ह शिकवतोय. शेवटी तो म्हणाला, "सगळं आहे ताई यात, मंडपवाले हाच नेतात, डोळे झाकून घ्या." मी डोळे झाकून घेतला. तिथेच माती खाल्ली.

रेकॉर्डच्या सुईतून निघणारा आवाज मुळातच मरतुकडा असतो. त्याला उचलून धरणारी वेगळी जागा मिक्सरमध्ये लागते, तिला फोनो म्हणतात. पूर्वी मंडपवाल्यांच्या अॅम्प्लिफायरलाच ती असायची. आता माईक लावा, मोबाईल लावा, सगळ्याला जागा आहे, रेकॉर्डला नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, व्हिडिओ बघून बघून डोळ्यांची वाट लागली तेव्हा कळलं. घरी येऊन आप्पांनी प्लेअर जोडला, रेकॉर्डवर सुई ठेवली, आणि गाणं असं आलं, जशी डबीत माशी कोंडलीय.

"आवाज बारीक येतोय," आप्पा म्हणाले.

"बारीक? मला तर वाटलं कुणी शेजारी खोकतंय," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात ठिय्या मारला आणि मिक्सर परत घ्यायला लावला. कसा, ते विचारू नका. दुकानातली दोन गिऱ्हाईकं काही न घेता निघून गेली एवढंच सांगते.

आता तुम्ही म्हणाल, पंचाहत्तरीला आलेल्या माणसाला डीजेचा मिक्सर कशाला? मलाही हाच प्रश्न सगळ्यांनी विचारला, आणि दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागलं.

माझे आप्पा म्हणजे सहादू साऊंड. आमच्या कॉलनीत अजूनही म्हातारी माणसं त्यांना आडनावानं ओळखत नाहीत, साऊंडवाले म्हणतात. सिन्नरजवळच्या खेड्यातून ते नाशिकला आले ते एका मंडपवाल्याकडे बांबू उचलायला. बांबू उचलता उचलता त्यांचं लक्ष भोंग्यावर गेलं आणि तिथेच अडकलं. पुढे उधारउसनवार करून स्वतःचे दोन रेकॉर्ड प्लेअर घेतले, एक अॅम्प्लिफायर, दोन भोंगे. लग्न, बारसं, पुतळ्याचं अनावरण, विहारातला कार्यक्रम, कॉलनीत काहीही असलं तरी टेबलामागे आप्पा. भीमगीतांच्या रेकॉर्ड तर त्यांनी अशा जमवल्या, की दुसऱ्या गावचे गायक स्वतःची हरवलेली रेकॉर्ड आमच्या घरी ऐकायला यायचे.

त्यांचा धंद्याचा एकच नियम होता: खंड पडता कामा नये. वंदना झाली, लग्न लागलं, की पंगतीत वाढपी येईपर्यंत मांडव सांभाळायचा तो साऊंडवाल्याने. एक गाणं संपायच्या आत दुसरं आलं पाहिजे. "मांडवातला आवाज थांबला की लोक जेवण सोडून घराकडं बघत्यात," ते म्हणायचे, "त्यांना वाटतं आत काय तरी झालं." म्हणून दोन प्लेअर. एकावर गाणं चालू, दुसऱ्यावर पुढची रेकॉर्ड फिरती ठेवायची. सुई टेकली की भोंग्यात नाही गेलं तरी सुईतूनच गाणं कुजबुजतं. आप्पा खाली वाकून सुईला कान लावायचे, गाणं कुठे सुरू होतं ते पकडायचे, आणि आईच्या डबीतल्या चुन्याचा ठिपका रेकॉर्डच्या मधल्या कागदावर द्यायचे. तो ठिपका पोटासमोर आला की रेकॉर्ड बोटाने धरून ठेवायची, आणि आधीच्या गाण्याचा शेवटचा ठेका पडला की सोडायची. आमच्याकडच्या प्रत्येक रेकॉर्डवर चुन्याचा ठिपका आहे. लहानपणी मला वाटायचं, त्या कंपनीतूनच तशा येतात.

मग कॅसेट आल्या, सीडी आल्या, मग सनी आला. सनी आमच्याच कॉलनीतला. त्याच्याकडे डीजेची भिंत आहे, एका ट्रकमध्ये मावत नाही. पोरगा वाईट नाही, आप्पांना वाकून जय भीम घालतो. पण जयंतीचं टेबल त्याच्याकडे गेलं ते गेलंच, आणि आप्पांना दरवर्षी स्टेजवर बोलावून शाल आणि गुलाबाचं फूल द्यायला लागले. ज्येष्ठ म्हणून. घरी आले की ती शाल ते कोपऱ्यात भिरकावायचे. "मेलेल्या माणसाला घालतात तशी घालत्यात," म्हणायचे.

या वर्षी मात्र ते आमच्या जयंती समितीच्या अध्यक्षांकडे गेले. बुद्धभूषण सर शाळेत शिकवतात, माणूस सरळ आहे पण घाबरट. आप्पा म्हणाले, "शाल नको. टेबल द्या." सरांनी बरेच दिवस टाळलं, शेवटी म्हणाले, "काका, तेरा तारखेची संध्याकाळ घ्या. दिवे लागल्यापासून जेवणापर्यंत, तुमच्या जुन्या रेकॉर्ड. जमलं तर दरवर्षी ती संध्याकाळ तुमची. पण मध्येच बंद पडलं तर लोक मला फाडून खातील. सनीचा सेट बाजूला उभा असेल. खंड पडला की तो घेईल, आणि मग पुढच्या वर्षी पुन्हा मागायचं नाही."

आप्पा घरी आले ते वीस वर्षांनी लहान होऊन. प्लेअर कपाटातून काढले, पुसले, नवीन सुया मागवल्या. जुना अॅम्प्लिफायर लावला तर त्यातून धूर निघाला. दुसरा उसना आणला, पण त्याला रेकॉर्डची जागाच नव्हती. मग मला म्हणाले, "तेजल, मिक्सर बघ. स्वस्तातला बघ, पण दोन रेकॉर्ड लागल्या पाहिजेत, आन् हेडफोन पाहिजे. पुढचं गाणं कानात आलं पाहिजे मला."

"तुम्ही तर सुईला कान लावायचात," मी म्हणाले.

"आता कंबर वाकत नाय," ते म्हणाले. मला पटलं. कंबर खरंच वाकत नव्हती.

दुसरा मिक्सर मी ऑनलाइन मागवला. फोटो मोठे करकरून बघितले, मागे फोनो लिहिलेलं स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं, म्हटलं आता कोण फसवतंय. खोकं उघडलं. फोनो होतं. एका भोकाखाली फोनो, आणि त्याच्या शेजारच्या भोकाखाली लाईन. म्हणजे एक रेकॉर्ड वाजणार आणि दुसरी पुन्हा डबीतली माशी. अरे, दोन हात दिलेत तर दोन बाह्या शिवाल की नाही! स्वस्तातल्या मिक्सरची हीच गोम असते हे नंतर कळलं. एक द्यायचं, दुसरं गाळायचं, आणि फोटो फोनोपुरताच काढायचा.

त्यात आणखी एक. जी रेकॉर्ड लागत होती तिच्यातही मागे सतत घूं असा आवाज येत होता. प्लेअरची एक बारीक तार मिक्सरच्या स्क्रूला आवळायची असते, ती कुठे आवळायची ते मिक्सरवाले विसरले होते. स्क्रूच नव्हता.

"आप्पा, हे घूं काय सहन होणार नाही लोकांना."

"कुठं घूं?" आप्पा म्हणाले. "काय घूं नाय. आवाज तेवढा बारीक हाय."

मी बघतच राहिले. हा माणूस एके काळी शेजारच्या गल्लीतल्या भोंग्यातली घूं इथून ओळखून निरोप पाठवायचा, तुझी अर्थिंग गेलीय म्हणून. मला वाटलं हट्टाला पेटलेत. तारीख जवळ आली म्हणून काहीही चालवून घ्यायला निघालेत. "आप्पा, नाटकं नका करू," मी म्हणाले, आणि खोकं पुन्हा बांधलं. परत पाठवण्यासाठी फोनवर ज्या मुलीशी बोलले तिला मी स्क्रू हा शब्द इतक्या वेळा सांगितला, की ती शेवटी रडवेली झाली.

तोवर सरांचे दोन निरोप आले होते. "काका, तयारी कशी? नसेल तर तसं सांगा, सनीला सांगून ठेवतो." गोड बोलून टेबल काढून घ्यायची तयारी. आप्पांनी उत्तर दिलं नाही. आमच्या घरात सगळे एकमेकांवर खेकसत होते, पण आमच्या घरात तसंही पहिल्यापासून ओरडूनच बोलतात, साऊंडवाल्याचं घर.

शेवटी सनीनेच मला गाठलं. म्हणाला, "तेजलताई, घोटीला रवी म्हणून आहे, लग्नाचे डीजे करतो. आता तो लॅपटॉपवर गेला. त्याच्याकडे जुने मिक्सर पडलेत, खरे, रेकॉर्डवाले. स्वस्तात देईल." मी त्याच्याकडे संशयाने बघितलं. तुझ्याच टेबलावर येणारा माणूस आणि तू त्याला मिक्सर सुचवतोस? तो म्हणाला, "अगं, काकांचं ऐकूनच तर मी या धंद्यात आलो." मला जरा लाजल्यासारखं झालं, पण मी ते दाखवलं नाही.

घोटीला भाताच्या गिरणीमागे रवीचं गोडाऊन. त्याने दोन मिक्सर पुसून पुढे ठेवले. एक काळा, साधा, जवळजवळ नवा. दुसरा जुनाट, कोपरे घासलेले, एका बटणाच्या जागी टूथपेस्टचं टोपण बसवलेलं, आणि मधोमध लाल-हिरव्या दिव्यांच्या दोन लांब रांगा. दोन्हींना दोन-दोन फोनो. दोन्हींना स्क्रू. मी तिथल्या तिथे रडायचीच बाकी होते.

"दिवेवाला जरा जुना आहे," रवी म्हणाला. "भाव सारखाच, पण काळा घ्या. आवाज एक नंबर."

"दिवे घेऊन काय करू? लोक ऐकायला येणारेत, बघायला नाही," मी म्हणाले, आणि काळा घेतला. जीपमध्ये मांडीवर धरून आणला, लेकरू आणावं तसा.

घरी आप्पांनी दोन्ही प्लेअर जोडले, तारा आवळल्या, आणि गाणं लागलं. अहाहा. ढोलकी अशी आली की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. एवढ्या दिवसांच्या मनस्तापानंतर मला वाटलं, झालं एकदाचं, सुटले मी.

आप्पांनी हेडफोन घातला, पुढच्या रेकॉर्डचं बटण दाबलं, ऐकलं, आणि तोंड वाकडं केलं.

"बारीक येतोय."

"आप्पा!"

"येतोय तर सांगू नको? बारीक हाय. हा नाय चालायचा."

माझा संयम तिथे संपला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण मॅनेजर, घोटीची जीप, स्क्रू आणि त्यांचा जन्मजात हेकटपणा, सगळं त्यात आलं. शेवटी मी चालू गाणं बंद केलं, हेडफोनचं बटण सगळं उजवीकडे फिरवलं, आणि तरातरा स्वयंपाकघराकडे निघाले. आणि दारात थांबले.

मला हेडफोनमधलं गाणं ऐकू येत होतं. दारातून. शब्द न् शब्द. आप्पांच्या दोन्ही कानांवर हेडफोन घट्ट बसलेला, आणि तरी तो बाहेर किंचाळत होता. आणि आप्पा डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून, ते गाणं शोधत होते.

मी जवळ गेले आणि हेडफोन काढला. "आप्पा, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

मी पुन्हा विचारलं, ओरडून. त्यांनी आईकडे बघितलं. आईने पिठाचे हात पदराला पुसले.

"मला ठाऊक होतं," आई म्हणाली. "डावा तर केव्हाच गेलाय. आता उजवा पण चाललाय. भोंग्याशेजारी आयुष्य काढलं, आणखी काय होणार?"

"तुला ठाऊक होतं आणि तू मला घोटीपर्यंत पळवलंस?"

"त्यांनी शपथ घातली होती," आई म्हणाली. "आणि तू तरी काय, एवढी चिडलेली, कुणाचं ऐकतेस का?"

मी आप्पांवर ओरडले, "अहो, सांगायचं ना! एवढे मिक्सर बदलले, एवढी भांडणं केली, एकदा तोंड उघडायचं ना!"

आप्पांनी रेकॉर्डच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बहिऱ्याच्या हातात कुणी साऊंड देतं का?"

रागाला धरायला काही उरलंच नाही, आणि तो जातही नव्हता. मी म्हणाले, कानाचं मशीन लावू. ते म्हणाले, शिबिरात लावून बघितलंय, स्पीकरजवळ गेलं की शिट्ट्या मारतं. मी म्हणाले, सरांना सांगते, ते समजून घेतील. त्यावर मात्र ते उठून उभे राहिले. "सांगितलंस तर माझं टेबल गेलं. शाल घालतील. सांगू नको, तेजल." त्यांनी माझं मनगट धरलं होतं.

मग थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "तू म्हणलीस तो दिवेवाला, त्याचे दिवे दोन रांगांत हायेत का? म्हंजी दोन्ही रेकॉर्डचे येगळे?"

"असतील. का?"

"आवाज बाहेर सोडला नाय तरी दिवा हलतो का, ते इचार."

मी रवीला फोन केला. हलतो, तो म्हणाला. सुईवर गाणं आलं की त्या रेकॉर्डची रांग वर चढते, लोकांना ऐकू जावो न जावो. मी आप्पांना कानात ओरडून सांगितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. चुन्याचा ठिपका आहे, रांग आहे. जे कानाने पकडायचे ते डोळ्यांनी पकडू.

म्हणजे पुन्हा घोटी. रवीला काय सांगणार? "ताई, काळा खराब निघाला का?" "नाही, उत्तम आहे." "मग हा कशाला? याचं तर बटण पण नाही." "दिवे आवडले," मी म्हणाले. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला त्याच टोपणाच्या बटणात जीव द्यावासा वाटला. पण दिला बिचाऱ्याने बदलून.

त्यानंतर आप्पा रोज बसायचे. हिरवी रांग उठली की बोटाने रेकॉर्ड थांबवायची, उलटी फिरवून ठिपका पोटाशी आणायचा, धरून ठेवायची. चालू गाण्याची रांग शेवटच्या ठेक्याला खाली बसली की सोडायची. पहिल्यांदा चुकायचे, मी दारात उभी राहून हात हलवायचे, ते शिव्या द्यायचे. मग चुकेनासे झाले. आई म्हणाली, "ऐकू येत होतं तेव्हाही इतकं जमत नव्हतं."

तेरा तारखेला संध्याकाळी विहारासमोरचं मैदान भरलं. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, पोरांच्या हातात फुगे, एका बाजूला सनीची भिंत ताडपत्रीखाली गप्प उभी. आप्पा पांढरा सदरा घालून टेबलामागे, हेडफोन गळ्यात. तो नुसता दाखवायला होता. मी टेबलापासून थोडी दूर, आईबरोबर बायकांमध्ये बसले. जवळ उभी राहू नको, असं त्यांनीच बजावलं होतं.

पहिलं गाणं सुटलं आणि म्हातारी माणसं खुर्चीत सरळ झाली. दुसरं त्याच्या शेपटीला लागून आलं, तिसरं त्याच्या. कुठे फट नाही. माझ्या मागच्या बाईने सोबतच्या नातीला सांगितलं, "माझ्या लग्नात यांचाच साऊंड होता गं." बुद्धभूषण सर स्टेजच्या कडेला हाताची घडी घालून मान डोलवत होते. आईने माझा हात दाबला. मी मनात म्हटलं, झालं, पुढच्या वर्षीचं टेबल आलं घरात.

आणि गाणं थांबलं.

ऐन कडव्यात, शब्द अर्धा तुटून. खुर्च्या वाहणाऱ्या पोरांपैकी कुणाच्या तरी खुर्चीचा पाय वायरीत अडकला होता आणि मिक्सरमधून अॅम्प्लिफायरला गेलेली पिन निघून पडली होती. सगळ्यांनी टेबलाकडे बघितलं.

रेकॉर्ड फिरत होती. सुई जागेवर होती. मिक्सरचे दिवे लाल-हिरवे नाचत होते. आणि आप्पा, दिव्यांकडे बघत, बोटांनी टेबलावर ठेका धरून, हसत उभे होते.

"काका!" सर ओरडले. "काका, आवाज!"

आप्पांनी पुढची रेकॉर्ड उचलली, सदऱ्याच्या बाहीने पुसली, आणि दुसऱ्या प्लेअरवर ठेवली. ठेका चालूच होता. लोक आधी कुजबुजले. मग तेही थांबले, कारण आता एकेकाला कळत चाललं होतं. मी उठले, बायकांमधून वाट काढत निघाले, आणि टेबलापर्यंत पोचेपर्यंत अख्ख्या मैदानभर मला त्यांच्या बोटांची टकटक ऐकू येत होती.

मी टेबलाखाली वाकले, पिन शोधली आणि दाबून बसवली. भोंगे एकदम गरजले. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग लोकांकडे बघितलं, एकेक चेहरा. त्यांनी फिरत्या रेकॉर्डवरून सुई उचलली.

"किती वेळ?" त्यांनी मला विचारलं.

"आत्ताच," मी ओरडून म्हणाले.

"खरं सांग."

"अख्खं कडवं गेलं, आप्पा."

सर टेबलाकडे निघाले होते. सनीला हाताने खूण करत होते. आप्पांनी ते बघितलं. त्यांनी टेबलावरचा माईक उचलला, आणि मी त्यांना थांबवणार तेवढ्यात म्हणाले, "मला ऐकू येत नाय. कान गेले माझे. समितीला सांगितलं नव्हतं, चूक माझी हाय. पण हात अजून हायेत. माझी पोरगी ऐकील, मी वाजवीन. चालत असंल तर सांगा. नायतर सनी बाळा, तू ये."

सर मध्येच उभे राहिले, पुढे येईनात की मागे जाईनात. आप्पा लोकांच्या तोंडांकडे बघत होते, कुणाचे ओठ हलतात का ते. मला त्या सगळ्या मैदानाचा इतका संताप आला, की माईक घेऊन मीच काहीतरी बोलले असते. तेवढ्यात आपल्या ताडपत्री घातलेल्या भिंतीवर चढून बसलेल्या सनीने तोंडाभोवती हात धरले आणि ओरडला.

"काय म्हणतंय ते पोरगं?" आप्पांनी मला विचारलं.

"थांबलात कशाला, म्हणतोय."

आप्पांनी गळ्यातला हेडफोन काढला आणि माझ्या डोक्यावर बसवला, लहानपणी कानटोपी बसवायचे तसा, दोन्ही हातांनी खाली ओढून. मग दुसऱ्या प्लेअरवर सुई टेकवली, चुन्याचा ठिपका पोटाशी आणून रेकॉर्ड बोटाने धरली, आणि दिव्यांकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले. सोडा म्हणून मी बोट वर केलं.